हेडर म्हणे आधीच गेले!

पीएचपीत लॉगिनचं पान लिहिलंय. पासवर्ड बरोबर, डेटाबेस बरोबर, आता फक्त डॅशबोर्डवर जायचंय. तर नाही! ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’. अरे, पाठवले कुणी? (हेडर म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना. मजकुराचं एक अक्षर, साधी रिकामी ओळ जरी बाहेर पडली, की हेडर निघून गेलेच; मग नवा जोडता येत नाही.)

मग सगळे त्या रीडायरेक्टच्या, म्हणजे दुसऱ्या पानावर धाडणाऱ्या ओळीशी झोंबत बसतात. दोष तिथे नसतोच. त्याच वॉर्निंगमध्ये ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’पुढे फाइलचं नाव आणि ओळ धडधडीत छापलेली असते, पण वाचतंय कोण! बहुतेकदा कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलच्या शेवटी पीएचपी संपवणारा बंद टॅग ‘?>’ आणि त्याखाली दोन रिकाम्या ओळी. (पहिली पीएचपी गिळतं, दुसरी नाही. काय हे लाड!) नाहीतर एडिटरने फाइलच्या सुरुवातीला गुपचूप चिकटवलेला बीओएम ही यूटीएफ-८ची खूण: तीन बाइट, डोळ्यांना दिसतच नाहीत. निव्वळ पीएचपीच्या फाइलला तो बंद टॅग लागतही नाही, तरी इमानेइतबारे लिहायचा.

वर ‘माझ्याकडे चालतंय’! चालणारच. तुमच्याकडे आउटपुट बफरिंग (मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवणं) ४०९६ बाइट, सर्व्हरवर बंद.

आणि रीडायरेक्ट करणाऱ्या लोकेशन हेडरखाली स्क्रिप्ट थांबवणारं एक्झिट लिहायला हात का दुखतात? ब्राउझरला ३०२ (‘दुसरीकडे जा’ हा कोड) मिळतो, पण खाली स्क्रिप्ट चालूच. लॉगिन न केलेल्यालाही आतलं अख्खं पान पाठवून मोकळी!