दोरी धरली, तिथेच चुकलं

गेल्या मंगळवारी माझ्या गाडीला जॅमर लागला. गुन्हा: पट्ट्यावर गाडी लावणे. तो पट्टा माझ्या गाडीनंतर चाळीस मिनिटांनी जन्माला आला होता. पण हे त्या वेळी सांगता आलं नाही, कारण माझी अर्धी जीभ बधिर होती. म्हणून आत्ता सांगतोय.

कर्वे रस्त्याजवळच्या एका व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर माझं रूट कॅनाल होतं. पार्किंग तळघरात. तिथले जुने पट्टे तिरके, आणि इतके पुसट की वैद्याने नाडी शोधावी तसे शोधावे लागत. मी ते शोधले, त्यांच्या बरोब्बर मधे तिरकी गाडी लावली आणि स्वतःवर खूश होऊन उतरलो.

पलीकडच्या बाजूला नवे पट्टे मारायचं काम चाललं होतं. रंगारी उकिडवा बसलेला, हातात गेरूत माखलेली दोरी. मला बघून म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं टोक धरता का? पोरगा चहा आणायला गेलाय."

धरलं. आपण इस्त्रीचे कपडे घालून उभे असलो की अशा कामाला नाही म्हणायची लाज वाटते. त्याने दोरी ताणली, मधे चिमटीत उचलली आणि सोडली. सट्! फरशीवर लाल रेघ. मजा आली, खोटं कशाला बोलू. दोनच्या जागी सहा रेघा मारल्या. जाताना विचारलंसुद्धा, "माझी गाडी काढू का?" तो म्हणाला, "तुमची बाजू उद्या."

रस्त्यावर मधली रेघ काढायची कल्पना अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एडवर्ड हाइन्स नावाच्या गृहस्थांना १९११ साली सुचली. पुढे चाललेल्या दुधाच्या गळक्या गाडीमागे पांढरी रेघ उमटत गेलेली त्यांनी पाहिली, असं सांगतात. आमच्याकडे हा शोध लागलाच नसता. आमच्या दुधाने रस्ता नुसता ओला झाला असता.

तर तासाभराने खाली आलो. डावा गाल, ओठ, जीभ, सगळं परक्याचं. आणि गाडीपाशी बघतो तो पिवळाधमक, सरळसोट नवा पट्टा भिंतीपासून निघून माझ्या पुढच्या डाव्या चाकाला येऊन टेकलेला, गाडीखाली गुप्त झालेला आणि मागच्या उजव्या चाकापाशी पुन्हा प्रकट झालेला. सरस्वती नदीसारखा. चाकाला जॅमर. रंगारी गायब. वॉचमन हजर.

"सायेब, लाइनीवर लावलीय गाडी. दोनशे रुपये."

मला म्हणायचं होतं, "गाडी आधी आली, लाइन नंतर." तोंडातून निघालं, "गाली आली आली, लाइन नंतल."

"गाली?" वॉचमन दोन पावलं मागे सरकला. "सायेब, शिव्या द्यायचं काम नाही. मी ड्यूटी करतोय."

"गाली नाही, गाली!" मी गाडीवर हात आपटून दाखवला. त्याने शिट्टी वाजवली.

शिट्टी ऐकून एक काका आले. पासबुक भरायला आले होते, बँकेचं यंत्र बंद होतं, म्हणजे त्यांच्याकडे अख्खी सकाळ शिल्लक होती. त्यांनी रंगाचा रिकामा डबा उपडा घातला, त्यावर रुमाल अंथरला आणि बसले. कोर्ट सुरू झालं.

"काय प्रकार आहे?"

मी खुणेने सांगितलं. काकांनी पट्टा निरखला, वाकून गाडीखाली पाहिलं. "पट्टा गाडीखाली नाहीये," ते म्हणाले. मला हायसं वाटलं. "म्हणजे रंगवला तेव्हा गाडी इथे होती." मी जोरजोरात मान हलवली. अखेर या शहरात एक तर्कशुद्ध माणूस भेटला!

तेवढ्यात चहावाला पोरगा रिकामे ग्लास न्यायला आला आणि म्हणाला, "यांनीच तर दोरी धरली होती."

काकांनी चष्मा काढला. "तुम्ही दोरी धरली होती?"

मी मान हलवली, जरा हळू.

"म्हणजे पट्टे सरळ होणार हे तुम्हाला ठाऊक होतं. दोरी सरळ धरलीत आणि गाडी तिरकी ठेवलीत?"

"उल्या बोल्ला तो!"

"उल्ल्या म्हणाले," वॉचमनने नोंद केली.

"अहो, उद्या म्हणतायत ते," काका म्हणाले, पण निकाल फिरला नाही. "कामात सहभागी झालात म्हणजे काम मान्य केलंत. भरा दोनशे."

सोसायटीच्या सभेत मी अनेक वर्षं बसतोय, पण इतक्या झटपट कुणी मला आरोपी केलेलं नाही.

मग मी त्या पट्ट्यांकडे नीट पाहिलं आणि जास्तच चिडलो. गाडीच्या जागेचं नियमातलं माप २.५ बाय ५ मीटर, छोट्या गाडीसाठी २.३ बाय ४.५. हे २.३ सुद्धा मारुती ८०० ला ऐसपैस होतं, तिची रुंदी १.४४. आताच्या बऱ्याच गाड्या पावणेदोन मीटरच्या पुढे सरकल्या, खांब मात्र होते तिथेच आहेत. तिरके पट्टे सरळ करून दोन जागा जास्त काढल्या, एवढाच या कामाचा हेतू. फरशी धुतली नव्हती, तेलाचे डागही पुसले नव्हते. धुळीवरच रोलर फिरवलेला. एका पट्ट्यात बसचं तिकीट कायमचं चिकटलंय. दिवाळीपर्यंत पोपडे निघतील आणि पुन्हा कुणीतरी दोरी धरेल.

आणि अपंगांची जागा? तिला ३.६ मीटर रुंदी लागते, शेजारी चाकाची खुर्ची उतरावी म्हणून. इथे खुर्चीचं चित्र खांबाला चिकटलेल्या सर्वांत अरुंद चौकटीत होतं, त्यातलं अर्धं चाक खांबावर चढलेलं, आणि वर जनरेटरच्या डिझेलचे कॅन. माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर याच दवाखान्यात आली होती. तिला मी उतारावर उतरवलं, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत. तेव्हा कुणी डबा उपडा घालून न्यायनिवाडा केला नव्हता.

दोनशे भरले. पावती मागितली. "पाउती" असं काहीतरी म्हणालो. वॉचमन म्हणाला, "पाव किलो कशाचं, सायेब?" आणि मी नाद सोडला.

"गाडी सावकाश काढा," काका डब्यावरून म्हणाले, "रंग ओला आहे."

तिरकी गाडी सरळ पट्ट्यावरून सावकाश काढली काय आणि झटकन काढली काय! चाकाने रंग उचलायचा तेवढा उचलला. पुढे उतारावर, गल्लीत, सिग्नलला, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक पिवळा ठिपका. घर जवळच आहे, त्यामुळे रंग पुरला. तुटक पिवळी रेघ आमच्या गेटमधून आत आली आणि थेट माझ्या जागेत थांबली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा फोटो आला. खाली मजकूर: "नुकत्याच बसवलेल्या पेव्हरब्लॉकवर परवानगीशिवाय पट्टे कोणी मारले? माग स्पष्ट दिसत आहे."

मी खुलासा लिहायला घेतला. "गाडी आधी आली" इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं.