स्पीकरच्या खोक्यावरचे हजार वॉट
'जास्त वॉट म्हणजे चांगला आवाज, घरी गाणी ऐकायला निदान हजार वॉटचे स्पीकर हवेत' असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे वाया जातात, म्हणून हा खुलासा.

खोक्यावरचा तो आकडा बहुधा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा असतो. तो मोजायची ठरलेली पद्धतच नाही. बघायचा तो आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद. खात्री करायची तर अ‍ॅडॅप्टर उलटा करून वाचा. त्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल, तर गुणाकार २४ वॉट. आत येणारी वीजच एवढी, मग स्पीकर सतत हजार वॉट देणार कुठून?

शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबलच, कानाला जेमतेम जाणवेल इतका. दहा बाय बाराच्या खोलीत चार-पाच फुटांवरून ऐकायला खरे २०-३० वॉट पुष्कळ झाले.

खरा फरक पडतो मांडणीने. कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेल्या स्पीकरवर डग्गा नुसता घुमतो, गाण्याचे शब्द गढूळ होतात. तोच स्पीकर वीतभर पुढे ओढा, ट्वीटर (बारीक, उंच स्वर देणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणा. आणि दुकानात ऐकताना आपलं रोजचं गाणं लावा, दुकानदाराचं नको.