फुलं बघा की हो जरा!

जून आला, पावसाळा लागला की जपानमधल्या कामाकुराच्या देवळांत हायड्रेंजियाची झुडपं फुलतात आणि माझं डोकं फिरतं. फुलांमुळे नाही, माणसांमुळे!

मेइगेत्सु-इन देवळाच्या दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना निळीच निळी झुडपं, पावसाने ओथंबलेली. पण चढायचं कसं? एक जण पायरीवरच ठाण मांडून बसलेला. दुसऱ्याची छत्री आडवी. तिसरी बाई फांदी गालाशी ओढतेय. अहो, ओढता कशाला? पाण्याने तो गुच्छ आधीच जड झालेला असतो! फोटो निघाला, फांदी सोडली, देठ मोडून गुच्छ लोंबकळत राहिला, आणि बाई मागे न बघता पुढे. संताप होतो नुसता.

आतल्या गोल खिडकीसमोर ही रांग! तिच्यातून दिसते ती मागची बाग. जूनमध्ये तिथे आयरिस फुललेले असतात, वेगळे पैसे भरले की आत जाता येतं. पण कुणाला पडलंय? खिडकीसमोर आपला चेहरा नीट आला की संपलं!

हासे-देरा या दुसऱ्या देवळात डोंगरउतारावर सुमारे २५०० झुडपं. गर्दीच्या दिवसांत नंबर लागेपर्यंत ताटकळायचं, आणि वर पोचून मोबाईलच्या पडद्यातच बघायचं? हायड्रेंजियाच्या रंगीत पाकळ्या ही खरं तर निदलं असतात, म्हणजे कळीला झाकणारी पानं. खरं फूल म्हणजे मधला इवलासा ठिपका. वाकून बघितल्याशिवाय तो दिसणार आहे का? कोण वाकतंय!

सरका हो बाजूला. मला वर जायचंय!