4 जीबीची अट फाईलला आहे, ड्राइव्हला नाही : ऐरोलीच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

फॅट32 (ड्राइव्हवर फाईली मांडून ठेवायची एक पद्धत, म्हणजे फाईल सिस्टीम) असलेल्या ड्राइव्हवर 4 जीबीची फाईल मावत नाही, तेव्हा तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, असा लेख मी लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही विचारता, "माझ्या 1 टीबीच्या ड्राइव्हवर फॅट32च आहे आणि 300 जीबी फोटो, गाणी सुखरूप आहेत. मग ही 4 जीबीची मर्यादा आली कुठून? आणि फॉरमॅट करायला सांगता, कुणाचा डेटा गेला तर जबाबदार कोण?"

आधी दुसरा मुद्दा, कारण तिथे चूक माझी आहे. फॉरमॅट केलं की ड्राइव्हवरचं सगळं जातं, हे वाक्य लेखात सगळ्यात वर हवं होतं. मी ते पार शेवटी टाकलं होतं. आज वर आणलं. शिवाय विंडोजमध्ये 'कन्व्हर्ट' कमांडने डेटा न पुसता फॅट32चं एनटीएफएस करता येतं, हेही राहूनच गेलं. अर्थात मधेच लाईट गेली किंवा केबल हलली तर काही खरं नाही, तेव्हा आधी सगळ्याची कॉपी दुसरीकडे काढायचीच. आणि या कमांडने परत फॅट32वर येता येत नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. अट एकेका फाईलला आहे. तुमचा फोटो चार-पाच एमबीचा, गाणंही तेवढंच. अशा हजारो फाईली ठेवल्यात तरी अट आडवी येणार नाही. बँकेच्या फॉर्मवर रकमेसाठी ठरावीक चौकोन असतात ना, तसंच हे. फॅट32 प्रत्येक फाईलचा आकार 32 बिटांच्या जागेत लिहून ठेवतं. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा 4,29,49,67,295, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. पुढचा आकडा लिहायला चौकोनच नाही.

मागच्या महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या शेजारीण काकू ड्राइव्ह घेऊन आल्या. नातवाच्या मुंजीचं शूटिंग, 11 जीबीची एकच फाईल. ड्राइव्हवर 640 जीबी मोकळे, तरी विंडोज म्हणे फाईल फार मोठी आहे. दुकानदाराने "डिस्क गेली, नवीन घ्या" सांगितलं होतं. मी प्रॉपर्टीज उघडून दाखवलं : फाईल सिस्टीम, फॅट32. डिस्क ठणठणीत होती. जुना डेटा लॅपटॉपवर काढला, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं आणि मुंज तिथेच कॉपी झाली. अशा माणसांचे पैसे वाचावेत म्हणूनच तो लेख लिहिला होता.

विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट32 वर्षानुवर्षं 32 जीबीपर्यंतच्या ड्राइव्हलाच मिळायचं, त्यामुळे तीच त्याची हद्द असा समज झाला. प्रत्यक्षात नेहमीच्या 512 बाइटच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कचा छोटा कप्पा) ते 2 टीबीपर्यंत जातं. तुमचा ड्राइव्ह त्यात आरामात बसतो.

आता एनटीएफएस की एक्सफॅट? ड्राइव्ह फक्त विंडोजला लागणार असेल तर एनटीएफएस. ते बदलांची नोंद ठेवतं, त्यामुळे केबल अचानक निघाली तरी सावरायची शक्यता जास्त. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. घरात दोन्ही असतील तर एक्सफॅट. फक्त त्यात ती नोंदवही नसते, म्हणून 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय केबल काढू नका. जुना टीव्ही किंवा गाडीचा स्टिरिओ फॅट32च मागत असेल, तर त्याला वेगळा छोटा पेनड्राइव्ह ठेवा.

तुम्ही लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून घेणार आहात, असंही लिहिलंय. चांगल्या दर्जात केल्या तर तासाभराची फाईल सहज 4 जीबीच्या वर जाते. तो ड्राइव्ह दुकानात देण्याआधी एकदा त्याची प्रॉपर्टीज बघा आणि काय दिसतं ते मला इथेच कळवा.