कंडालमधला त की ड?

नोकरीसाठी कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला आलो तेव्हा इथल्या ख्मेर लिपीची मला अजिबात धास्ती नव्हती. क ख ग घ ङ, क्रम थेट आपल्या अंकलिपीतला. उच्चार बदललेत, अक्षरांच्या डोक्यावर केसांची झुलपं आहेत, पण घराणं तेच. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली जाऊन बसतं. त्याला म्हणतातही ‘चंग’, म्हणजे पाय. महिनाभरात पाट्या वाचायला लागलो आणि आईला फोनवर सांगूनही टाकलं, की सोपं आहे गं.

मग साहेबांनी विचारलं, कंडाल प्रांतात आपली गिऱ्हाइकं किती?

कंडाल म्हणजे राजधानीला वेढून बसलेला प्रांत. आमचे टेम्पो रोज तिकडेच जातात. एक्सेलमध्ये ‘कंडाल’ शोधलं. ३९. यादी हाताने खाली सरकवली तर डोळ्यांना नुसतं कंडालच कंडाल दिसत होतं. सापडलेला एक आणि न सापडलेला एक असे दोन कंडाल शेजारी ठेवले, अक्षरं भाकरीएवढी मोठी केली. तिळाचा फरक नाही. मागेपुढे काही अदृश्य चिकटलंय का तेही पाहिलं. इथे तो संशय रास्त असतो. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, आणि ख्मेर कळफलकावर स्पेस दाबली की शून्य रुंदीची जागा उमटते. म्हणजे काहीच उमटत नाही, पण असतं. मी ती सगळी उपटली. तरी ३९.

शेजारच्या टेबलावरची मुलगी मला बोंग म्हणते, म्हणजे दादा. तिने एकदा वाकून पाहिलं. “बोंग, एकात ड आहे, एकात त.”

एरवी ही दोन अक्षरं वेगळी दिसतात, पण पायाशी बसली की दोघांचं रूप एकच. कागदावर यामुळे कुणाचंच काही अडत नव्हतं. १९९९ साली युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेने, ख्मेरला जागा दिली, तीही आपल्या हलन्ताच्या धर्तीवर: आधी ‘चंग’चं चिन्ह, मग कोण बसलंय त्याचं नाव. पायाच्या अक्षरांना वेगळे क्रमांक नाहीत. कंबोडियाने पुढे रीतसर हरकत घेतली; पण युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक मागे घेत नाहीत. त्यामुळे ड असेल तर १७८ए, त असेल तर १७८एफ, आणि पडद्यावर दोन्ही तेच. टंकणाऱ्याच्या बोटाखाली येईल ते खरं. (‘दऱ्या’ लिहायला जावं आणि ‘दर्या’ उमटावा, हे मी पुण्यात भोगलंय. पण तो दर्या निदान दिसतो तरी!)

“बरोबर कुठलं?” मी विचारलं.

“शब्दकोशात ड. पण लोक त पण लिहितात.”

इथे माझ्यातला शाळामास्तर जागा झाला. ख्मेरचा हा ड वर्णमालेत आपल्या ट च्या पाटावर बसलेला आहे, आणि कंडालमध्ये त्याच्या डोक्यावर ण आहे. ण म्हणजे ट ठ ड ढ च्याच घरातला. ण खाली त? छे! मी तिला परसवर्ण समजावून सांगितला. तिने कॉफी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग पायाशी बसलेला प्रत्येक त काढून तिथे ड बसवला. शोधायच्या खान्यात आधी ण घालायला हवा होता, तेवढा आळस केला. ३९ चे ११२ झाले. साहेब खूश.

पंधरा दिवसांनी साहेब म्हणाले, यादीतल्या प्राध्यापकांना सवलतीचं पत्र पाठवू. प्राध्यापकाला इथे शब्द आहे तो आपल्याच ‘शास्त्राचार्य’चा. मी ऐटीत टंकला, शोधला. शून्य. यादी सरकवली. शास्त्राचार्य ओळीने बसलेले, चष्म्याशिवायही दिसावेत असे.

तिने या वेळी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बोंग, त्या दिवशी फक्त कंडालच बदललंत ना?”