माळरानावरची फुलं मोजून समाधान मानू नका

उरलेल्या तुकड्यात अजून फुलं दिसतात म्हणजे माळरान शाबूत आहे, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. माळावरच्या कितीतरी वनस्पती बहुवर्षायू असतात. कंदावर, मुळांवर तग धरून त्या दशकानुदशकं जगतात. भोवतालचा माळ नांगरला गेला तरी त्या उभ्या असतात, फक्त त्यांच्या पायाशी नवं रोप दिसत नाही.

एस्टोनियातल्या सारेमा आणि मुहू बेटांवरचा चुनखडीचा माळ 1930 च्या दशकात सुमारे 260 चौ. किमी होता, 70 वर्षांत 78 उरला. तिथल्या तुकड्यांमधल्या खास माळावरच्याच जातींची संख्या आजच्या नकाशाशी जुळत नाही, ती जुळते 70 वर्षांपूर्वीच्या नकाशाशी. म्हणजे नुकसान होऊन गेलंय, जाती जायच्या बाकी आहेत.

युरोपातल्या माळांवरच्या प्रिम्युला व्हेरिस या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचंच बघा. काही झाडांच्या फुलात कुक्षी वर आणि परागकोश खाली, काहींत नेमकं उलट. बी चांगलं धरतं ते या दोन प्रकारांत पराग गेले तरच. छोट्या तुकड्यात एकच प्रकार उरला, की फुलं येतात आणि बी जेमतेम.

मग हे सुटे तुकडे एकमेकांना जोडायचे कसे? झाडांची रांग लावून नक्कीच नाही. उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींना सावलीचा पट्टा म्हणजे अडथळाच. दक्षिण कॅरोलिनात पाइनच्या विरळ सवानातले तुकडे मोकळ्या पट्ट्यांनी जोडले, तर 18 वर्षांनी तिथे न जोडलेल्यांपेक्षा सरासरी 14 टक्के जास्त जाती होत्या. पट्टा नसेल तर फिरती मेंढरं हवीत. जर्मनीत एकाच मेंढीच्या लोकरीतून एका हंगामात 85 जातींच्या 8,500 हून जास्त बिया सापडल्या होत्या! चराई बंद करून माळ 'वाचवणारे' हीच वाट बंद करतात, वर झुडपं माजतात ती वेगळीच.

तेही जमत नसेल तर जवळच्या चांगल्या माळावरचं गवत बी पिकल्यावर कापा आणि ओलं असतानाच, त्याच दिवशी आपल्या तुकड्यावर पसरा. ढीग रात्रभर राहिला तर आतून तापतो, बी मरतं. त्याआधी तिथली झुडपं काढून निम्मी तरी जमीन उघडी करा. एक हेक्टरचं गवत जास्तीत जास्त तीन हेक्टरला पुरवा. खतं खाल्लेल्या शेतजमिनीत स्फुरद फार असेल तर थांबा, तिथे उंच, जोमदार गवतंच बाकीच्यांना दाबून टाकतात.