मालकाची वकील

माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी गेल्या आठवड्यात मनातलं बोलली. "मॅडम, मला कामगारांच्या बाजूने उभं राहायचंय. शेठ लोकांची कामं जिवाला पटत नाहीत." मी तिला अडवणार नाही. पण जळगावात २१ वर्षं मी मॅनेजमेंटच्या बाजूचीच कामं करतेय, आणि तिला तोंडावर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७. त्यात कलम ३६(४) होतं. कामगार न्यायालयात वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागायची. वकील कोणाला परवडतो हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मी तिथे उभी राहायची की नाही, हे त्या कामगाराच्या हातात. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा सही करून देतो. नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं.

माझ्या पाचव्या वर्षी एक प्रकरण आलं. डाळ मिल म्हणते, पण ओळख पटू नये म्हणून धंदा बदलून लिहितेय. मशीनवरचा माणूस, सात वर्षं काम केलेला, एक दिवस गेटवरच थांबवला. नोटीस नाही, भरपाई नाही. संमतीच्या कागदावर सही करताना मला म्हणाला, "ताई, माले पैसा नको. माले काम पाहिजे."

त्याच कायद्यातल्या कलम २५-एफचं संरक्षण, म्हणजे कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई, मिळवायचं तर वर्षात २४० दिवस भरलेले लागायचे, आणि ते सिद्ध करायचं कामगाराने. तसं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा हदीमनी निकाल मला पाठ होता. त्याच्याकडे होता एक गेटपास, घामाने अक्षरं पुसलेला. उलटतपासात मी विचारलं, पगाराची पावती आहे? हजेरी कार्ड आहे? तो माझ्याकडेच बघत "नाही ताई" म्हणत राहिला. मस्टर, म्हणजे हजेरीची नोंदवही, सापडत नाही असं मालकाने सांगितलं होतं आणि मी पुन्हा विचारलं नव्हतं. प्रकरण मी जिंकले.

महिनाभराने दुसऱ्या कामासाठी त्याच ऑफिसात गेले. कपाटाच्या खालच्या खणात लाल कापडी बांधणीची मस्टरं वर्षावार लावून ठेवलेली. एक उघडलं. त्याचं नाव प्रत्येक महिन्यात होतं. उभ्या उभ्या बोट ठेवून एका वर्षाच्या हजेऱ्या मोजल्या. २७३ भरल्या.

मालकाला म्हटलं, त्याला बोलवा, त्याचे पैसे द्या. "मॅडम, आपण जिंकलोय," एवढंच उत्तर मिळालं. मी त्यांचं काम सोडलं. त्या माणसाला काही सांगू शकले नाही, अशिलाची गोष्ट वकिलाला फोडता येत नाही. त्याचा "नाही ताई" मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून मूळ मस्टर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी वकीलपत्रावर सही करत नाही. दोन-तीन कारखाने त्यामुळे दुसऱ्या वकिलांकडे गेले. जाऊ देत.

आता त्या मुलीसाठी. कामगाराचं नशीब कोर्टात ठरतं असं तुला वाटतं. बहुतेक वेळा ते एमआयडीसीतल्या केबिनमध्ये, चहा पिता पिता ठरतं. तिथे मालक असतो, मॅनेजर असतो, हिशेबनीस असतो. कायदा माहीत असलेलं माणूस असलंच तर ते आपण. एका चटईच्या कारखान्यात दर सहा महिन्यांनी चार दिवसांचा ब्रेक देऊन तीच माणसं परत घेत होते. मी अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा आपला महाराष्ट्राचा कायदा काढून चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब वाचून दाखवली: कायमपणाचे लाभ नाकारायला माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. शेठ चिडले. तिसऱ्या बैठकीत १४ जणांना कायम करायला तयार झाले. त्या चौदा जणांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, आणि यात कोणी वकील होती हेही त्यांना माहीत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून फोन येतात, "मॅडम, ३०० पेक्षा कमी माणसं असली तर आता कमी करायला सरकारची परवानगी नको ना?" परवानगी नको. पण महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आजही द्यावाच लागतो, हे मी त्याच फोनवर सांगते. किमान वेतनात काटछाट करू पाहणाऱ्याला १९८२ चा एशियाडच्या मजुरांचा निकाल सांगते. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं ही वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालय त्यात म्हणालंय. हा शब्द ऐकला की माणूस जरा थांबतो. आपल्या जिनिंगमध्ये हंगामाला सातपुड्यातून बायका-माणसं येतात, त्यांच्या वतीने त्या केबिनमध्ये बोलणारं दुसरं कोणी नसतं.

कामगारांच्या बाजूला चांगले वकील हवेतच. तू गेलीस तर समोर उभी राहशील आणि मला आनंदच होईल. फक्त उलटतपासात माझ्या साक्षीदाराला पहिला प्रश्न मस्टरचा विचार. कोर्टात अर्ज कर, मूळ नोंदवही मागव, दिली नाही तर ते रेकॉर्डवर आण.

सोमवारी एका प्रकरणात तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, द्यायची आहे. मागच्या पगारासकट कामावर परत घ्यायचं ठरलंय. तोवर तू आहेस, तर सकाळी दहाला ये. रकमेचा हिशेब मस्टरवरून पुन्हा एकदा ताडून बघू.